बोर्ड नसलेल्या बंगल्यातले वकील

केरबा रामू कुरणे हे पेठ वडगावच्या बौद्ध वस्तीतले पहिले वकील. वडील रामू कुरणे वडगावच्या जनावरांच्या बाजारात गुरं उतरवून घ्यायचं आणि दावणीला बांधायचं काम करत. छप्पन्न साली घरानं धर्म बदलला तेव्हा केरबा दहा वर्षांचे होते. त्या वर्षी रामूंनी घरातले देव ओढ्यात सोडले आणि मुलाला समोर बसवून सांगितलं, "तू आता कायदा शिकायचास. आपल्याला जे मिळालंय ते कुणी दया करून दिल्यालं न्हाय. लिवलंय म्हणून मिळालंय."

कोल्हापुरात सिद्धार्थनगरातल्या एका खोलीत राहून केरबा कायदा शिकले, वकील झाले आणि पुढं सहायक सरकारी वकील म्हणून जिल्हा कोर्टात उभे राहू लागले. त्यांचा आवाज बारीक होता, उलटतपासणीत ते फारसे चमकले नाहीत. पण त्यांनी लिहिलेला मसुदा कुणी खोडू शकत नसे. एका वाक्यात एकच गोष्ट, आणि तिला पुरावा असेल तरच. तरुण वकील त्यांच्या टेबलाशी येऊन म्हणत, "साहेब, एवढं नजरेखालनं घाला." केरबा पेन्सिल घेऊन त्यातले 'बहुधा' आणि 'असे समजते' हे शब्द आधी काढून टाकत.

सत्याऐंशी साली ताराबाई पार्कातल्या एका बंगल्यावर त्यांना बोलावणं आलं. बंगल्याला बोर्ड नव्हता. आत टंकलेखन यंत्रांचा आवाज, भिंतीवर देशाचा नकाशा, आणि दिल्लीहून आलेला एक अधिकारी. केंद्र सरकारचं गुप्त माहिती गोळा करणारं जे खातं असतं, त्याचं ते इकडचं कार्यालय होतं, आणि त्यांना कायद्याचा जाणकार माणूस पाहिजे होता. अधिकाऱ्यानं एक कागद पुढं केला. इथं जे वाचाल, ऐकाल, ते मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही, असं त्यावर लिहिलेलं. केरबांनी तो दोनदा वाचला आणि सही केली. घरी परत येताना त्यांची छाती भरून आली होती. बाजारात गुरं बांधणाऱ्या रामूच्या पोराला देशानं आपलं गुपित राखायला बोलावलं होतं.

बायको ललिता कागलच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. रोज सकाळच्या एसटीनं जायच्या, दुपारी परत यायच्या. त्यांनी विचारलं, "काम काय असणार तिथं?"

"कागद तपासायचे," केरबा म्हणाले. "कायद्याच्या बाजूनं."

ते खरंही होतं. कुणाचा फोन ऐकायला परवानगी मागता येईल आणि कुणाचा नाही, खात्याच्या माणसाला कोर्टानं साक्षीला बोलावलं तर काय उत्तर द्यायचं, कोणती फाईल न्यायाधीशापुढं ठेवायची आणि कोणती नाही, यावर केरबा मत लिहून देत. पहिली काही वर्षं त्यांना समाधान होतं. दोन-तीन वेळा त्यांच्या मतामुळं भलत्याच माणसामागचा ससेमिरा सुटला होता. त्या माणसांना ते कधी कळलं नाही, पण केरबांना कळलं होतं, आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

त्र्याण्णव साली कृष्णात मगदूम हा माणूस त्यांच्यासमोर आला. कागलचा ट्रकवाला. कोल्हापूरच्या कारखान्यांतले लोखंडी सुटे भाग घेऊन तो पार ईशान्येकडं जाई आणि येताना खात्यासाठी डोळ्यांनी पाहिलेलं सांगे. कोणत्या गोदामात रात्रीतून माल वाढला, कोणत्या नाक्यावर कोण नवा दिसतो, असलं. तिकडच्या पोलिसांनी एकदा त्याला भलत्याच गुन्ह्यात अडकवलं. खात्याच्या सांगण्यावरून केरबांनी कागदपत्रं करून ते प्रकरण मागं घ्यायला लावलं. आभार मानायला कृष्णात मागच्या दारानं बंगल्यात आला. हातात काकवीची बाटली होती.

"वकीलसाहेब, तुमच्या कागदात माझं नाव हाय काय कुठं?" त्यानं विचारलं.

"नाही. एक नंबर आहे."

"मग बरं हाय," तो हसला. "घरात बायकोला ठावं न्हाय. तिला वाटतंय मी फकस्त लोखंड वाहतोय."

शहाण्णवच्या सप्टेंबरात कृष्णात ट्रक घेऊन गेला तो परत आला नाही.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत त्याची फाईल केरबांच्या टेबलावर आली. एक्केचाळिसाव्या पानावर पाच ओळींचा संदेश होता. आदल्या डिसेंबरात नदीकाठी एक प्रेत सापडलं. खात्याच्या तिकडच्या माणसानं दंडावरच्या गोंदणावरून ओळखलं. स्थानिक पोलिसांनी बेवारस म्हणून दहन केलं. गावाचं नाव होतं तिथं काळी शाई फासलेली. खाली शेरा : पुढील कारवाई नाही.

केरबांनी लगेच मत लिहिलं. या माणसाच्या घरी मृत्यू कळवला पाहिजे. खात्याचं नाव न घेता, पोलिसांमार्फत, अपघात म्हणून का होईना, पण कळवला पाहिजे. तीन आठवड्यांनी फाईल परत आली. त्यांच्या मताखाली एकच शब्द होता : पाहिले.

त्या वर्षी जूनमध्ये एका दुपारी केरबा बंगल्यातून बाहेर पडत होते. फाटकाशी पहारेकरी एका बाईला हटकत होता. तिशीतली बाई, अंगावर हिरवं इरकली लुगडं, हातात एक चिठ्ठी. पहारेकऱ्यानं दाद दिली नाही तशी ती केरबांमागं चालत आली.

"पावणं, थांबा की जरा. त्या बंगल्यात साहेब कोण हाईत? माझ्या मालकांच्या ट्रंकंत ह्यो नंबर घावला. टेलिफोनच्या हापिसात पत्ता काढला तर ह्योच निघाला."

चिठ्ठीवर कृष्णातचं अक्षर होतं. केरबांनी त्याच्या सहीचे कागद पाहिले होते, त्यांनी ते ओळखलं.

"मला ठाऊक नाही, बाई," ते म्हणाले. "मी इथं कामाला नाही."

बाई थांबली. केरबा पुढं गेले. दसरा चौकापर्यंत ते मागं न बघता चालत राहिले. बस घ्यायचं भानच त्यांना राहिलं नव्हतं.

ती झुंबरबाई मगदूम. कृष्णातची बायको.

सिद्धार्थनगरच्या विहारात दर पौर्णिमेला सगळे मिळून पंचशील म्हणत. मी खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं. त्या महिन्यात केरबा सगळ्यांबरोबर हात जोडून बसले, पण चौथं शील आलं तेव्हा त्यांचे ओठ मिटलेले राहिले. शेजारी बसलेल्या ललिताबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांना वाटलं, तब्येत बरी नसेल.

पुढच्या वर्षी ती गोष्ट घरात आली. ललिताबाईंच्या वर्गात प्रीती मगदूम नावाची अकरा वर्षांची हुशार मुलगी होती. शाळेच्या अर्जावर वडिलांच्या नावापुढं 'हयात की मयत' असा रकाना असे. तो ती मोकळा सोडे आणि कारकून अर्ज परत करी. ललिताबाईंनी तिच्या आईला बोलावून घेतलं, सगळं ऐकलं, आणि एका रविवारी मायलेकींना सरळ आपल्या घरी घेऊन आल्या.

"आमचे हे वकील आहेत," त्या म्हणाल्या. "ते सांगतील वाट."

झुंबरबाईंनी केरबांकडं पाहिलं. ओळखलं की नाही, ते केरबांना कळलं नाही. तिनं पदर सावरला आणि बोलायला लागली. नवरा दोन वर्षं झाली घरी नाही. पोलिसांत तक्रार दिली, त्यांनी लिहून घेतली आणि विसरले. ट्रकमालक म्हणतो, ट्रक मिळाला, माणूस मिळाला नाही. आणि तो टेलिफोन नंबर.

केरबा बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग कोरड्या आवाजात म्हणाले, "कायद्यानं सात वर्षं थांबावं लागतं. सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल तर कोर्ट तो मेला असं मानतं."

"मेला म्हणून कशाला मानायचं?" झुंबरबाई म्हणाली. "मला त्यास्नी हुडकायचं हाय. मेलं म्हणून कागद न्हाय काढायचा."

त्या गेल्यावर ललिताबाई खवळल्या. "एवढं तिऱ्हाइतासारखं कसं बोलता? ती बाई काय मागत होती आणि तुम्ही कलमं सांगत बसलात."

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. खात्यातलं काही विचारायचं नाही, हे ललिताबाईंनी कधीच पत्करलं होतं. पण ही गोष्ट खात्यातली आहे, हे तर केरबांना सांगताही येत नव्हतं.

झुंबरबाईचा भाऊ बाळासो जरा धडपड्या होता. त्यानं मुंबईचा एक वकील गाठला. माणूस जिथं असेल तिथून आणून कोर्टापुढं हजर करा, अशी याचिका हायकोर्टात पडली. त्यात तो टेलिफोन नंबर होता, म्हणून खात्याला नोटीस आली. उत्तराचं प्रतिज्ञापत्र लिहायचं काम अर्थातच केरबांकडं आलं.

कोल्हापूरच्या कार्यालयाचे प्रमुख तेव्हा बागेवाडी साहेब होते. मूळचे बेळगावकडचे, शांत माणूस. त्यांनी केरबांना आत बोलावून दार लावून घेतलं. वरून एक तयार परिच्छेद आला होता. 'सदर व्यक्तीचा या कार्यालयाशी कधीही संबंध नव्हता. तथापि केलेल्या चौकशीत सदर व्यक्ती जानेवारी १९९९ मध्ये सिलिगुडी भागात ट्रकचालक म्हणून काम करीत असल्याचे समजते.'

केरबांनी ते वाचलं. 'असे समजते.' आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या मसुद्यातून काढलेले शब्द.

"साहेब, हा माणूस मेलाय. पान एक्केचाळीस."

"मला ठाऊक आहे."

"मग निदान 'माहिती नाही' म्हणू."

"माहिती नाही म्हटलं तर कोर्ट चौकशी लावेल. मेला म्हटलं तर विचारेल, तुम्हाला कसं कळलं. तिकडं अजून आपली चार माणसं आहेत, कुरणे. त्यांनाही घरदार आहे. जिवंत आहे म्हटलं की प्रकरण मिटतं."

"बंद लखोट्यात पान द्या. एकट्या न्यायाधीशांनी वाचावं. तशी तरतूद आहे, मी दाखले देतो."

केरबांनी खरंच अकरा पानांचं टिपण लिहिलं. आजवरच्या नोकरीत त्यांनी इतकं जीव तोडून काही लिहिलं नव्हतं. ते दिल्लीला गेलं आणि नऊ दिवसांनी परत आलं. 'चर्चा झाली. पाठवलेल्या मजकुरानुसार कार्यवाही करावी.' चर्चा कुणाशी झाली, ते लिहिलेलं नव्हतं. केरबांशी तर झाली नव्हती.

त्यांनी राजीनामा लिहिला. चार दिवस तो पिशवीत घालून कार्यालयात नेला. पाचव्या दिवशी बागेवाडींनीच विषय काढला. "तुमच्या मनात काय आहे ते दिसतंय मला. तुम्ही गेलात तर दुसरा येईल. तो एक्केचाळीस नंबरचं पान उघडणारही नाही. आणि बाहेर जाऊन तुम्ही बोलणार थोडेच? सही केलीय तुम्ही."

केरबा राहिले. आत राहून त्या बाईचं काहीतरी भलं करता येईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मनातून भीतीही होती. ती त्यांनी पुढं कधी नाकारली नाही. प्रतिज्ञापत्र त्यांनी लिहिलं, दुसऱ्या अधिकाऱ्यानं त्यावर सही केली. खालच्या कोपऱ्यात 'मसुदा तपासला' म्हणून केरबांची छोटी सही होती. माणूस मोकळा आहे आणि कामधंदा करतोय, असं सरकारच सांगतंय म्हटल्यावर याचिका निकाली निघाली.

याचिका हरली म्हणजे ती बाई निदान दुःख करील, असं केरबांना वाटलं होतं. पण मे महिन्यातल्या एका सकाळी झुंबरबाई घरी आली ती साखरेची पुडी घेऊन. तिचा चेहरा उजळला होता.

"बाई, मालक हाईत. सरकारनं लिवून दिलंय. सिलिगुडी म्हणून गाव हाय, तिकडं ट्रक चालवत्यात." तिनं ललिताबाईंच्या हातावर साखर ठेवली, मग केरबांच्या. "मी आन् बाळासो जाणार आणायला."

केरबांच्या तळहातावर साखर तशीच राहिली.

"एवढ्या लांब जाऊ नका," ते म्हणाले. "आधी पत्रं पाठवा. चौकशी करा."

"पत्र कुणाच्या पत्त्यावर धाडू, वकीलसाहेब? गाव तेवढं ठावं हाय."

"पण तिकडची भाषा… उन्हाळा… मोठं गाव आहे ते. एक माणूस सापडायचा नाही."

"सापडंल की. दंडावर गोंदलंय त्यांच्या, माझं नाव. दिसंल तसं."

ललिताबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि घरची कांदा-लसूण चटणी मोठ्या बरणीत भरून घेऊन आल्या. "तिकडचं अळणी खाऊन कंटाळले असतील ते," त्या म्हणाल्या. झुंबरबाई लाजून हसली. केरबा वर्तमानपत्र तोंडापुढं धरून बसले. त्यातली एक ओळ त्यांना दिसत नव्हती.

झुंबरबाई तेवीस दिवसांनी परत आली. उजवा पाय सुजलेला, उन्हानं तोंड काळवंडलेलं. कृष्णातचा फोटो मोठा करून नेला होता, त्याचे कोपरे झिजले होते. सिलिगुडीच्या ट्रक अड्ड्यावर ती आणि बाळासो रोज सकाळी उभे राहत आणि येणाऱ्या प्रत्येक ट्रकपाशी जाऊन फोटो दाखवत. कुणी हाकललं, कुणी पाणी दिलं. एक ड्रायव्हर म्हणाला, असा माणूस जलपाईगुडीच्या वाटेवर एका ढाब्यावर जेवायला येतो. त्या ढाब्यावर ती सहा दिवस बसली. ढाबेवाल्यानं शेवटी तिला भांडी घासायचं काम दिलं, म्हणजे बसायला हरकत नाही.

"गाव बदललं असंल त्यांनी," ती ललिताबाईंना सांगत होती. "ट्रकवाल्यांचं असतंयच तसं. थोडं आधी जायला पायजे हुतं."

चटणीची बरणी तिनं परत आणली होती, तशीच भरलेली. प्रीती आईच्या मागं उभी होती. ती केरबांकडं बघत होती, आणि केरबांना वाटलं, या पोरीला सगळं ठाऊक आहे. तिला अर्थातच काही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर केरबांनी आतून जे जे करता येईल ते केलं. तीन वेळा फाईल वर काढली. एकदा दिल्लीला बैठकीला गेले असताना एका वरिष्ठाला जिन्यात गाठून विषय काढला. तो म्हणाला, "कोणता मगदूम?" आणि खरंच त्याला आठवत नव्हतं. बागेवाडींची बदली झाली. नवे साहेब आले, त्यांनी फाईल मागितली तर ती नष्ट करण्याच्या यादीत जाऊन बसली होती. दोन हजार एक साली ती जाळली गेली. आता कृष्णात मेला असं सांगणारा एकही कागद कुठं राहिला नव्हता. तो जिवंत असल्याचा कागद मात्र हायकोर्टात, शिक्क्यासकट, कायमचा होता.

दोन हजार तीनच्या सप्टेंबरात सात वर्षं झाली. बाळासोनं बहिणीच्या मागं लागून कागलच्या कोर्टात अर्ज घातला, कारण घर आणि जागा अजून कृष्णातच्या नावावर होती आणि त्याचा थोरला भाऊ त्यावर डोळा ठेवून होता. सरकारी वकिलानं तेच प्रतिज्ञापत्र पुढं ठेवलं. नव्व्याण्णवच्या जानेवारीत माणसाची खबर आहे, मग सात वर्षं शहाण्णवपासून कशी मोजता? अर्ज फेटाळला. न्यायाधीशांची चूक काहीच नव्हती. केरबांनी निकाल वाचला आणि मनाशी आकडा मांडला : दोन हजार सहा. त्या एका वाक्यानं त्यांनी झुंबरबाईची आणखी अडीच वर्षं खाल्ली होती.

दोन हजार सहाच्या सुरुवातीला केरबा निवृत्त झाले. जाताना पुन्हा एकदा तोच कागद पुढं आला, निवृत्तीनंतरही बोलणार नाही असा, आणि त्यांनी पुन्हा सही केली. मार्चमध्ये प्रीतीनं स्वतः अर्ज घातला. ती आता एकोणीस वर्षांची होती, परिचारिकेचं शिक्षण घ्यायचं होतं, आणि तोच रकाना तिच्या अजून आडवा येत होता. ललिताबाई तिच्या बाजूनं खंबीर उभ्या होत्या. तारखेच्या दिवशी त्या केरबांना म्हणाल्या, "आता तर नोकरीही नाही. चला माझ्याबरोबर."

कागलच्या कोर्टात केरबा शेवटच्या बाकावर बसले. झुंबरबाई पिंजऱ्यात उभी राहिली. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. न्यायाधीश तरुण बाई होत्या. त्यांनी सौम्यपणे विचारलं, "तुमचे यजमान आता हयात नाहीत, असं तुम्हाला वाटतं का?"

"हाईत की," झुंबरबाई म्हणाली.

प्रीतीनं मान खाली घातली.

"कशावरून म्हणता?"

"सरकारनं लिवून दिलंय, सिलिगुडीत हाईत म्हणून. हायकोर्टाचा शिक्का हाय त्याच्यावर. मी जाऊन आले, घावलं न्हाईत, ती गोष्ट येगळी. पर सरकार खोटं कशाला लिवंल?"

कोर्टात कुणी हसलं नाही. न्यायाधीशबाईंनी लिहून घ्यायला सांगितलं.

महिन्याभरानं निकाल लागला. नव्व्याण्णवनंतर सात वर्षं काहीच खबर नाही, सबब मृत मानण्यात येतं. दाखल्यावर मृत्यूच्या तारखेच्या जागी निकालाची तारीख पडली. मृत्यूचं ठिकाण : अज्ञात. प्रीतीला शिकायला जाता आलं. पण झुंबरबाईनं कुंकू पुसलं नाही, आणि बापाला मारून कागद आणलास म्हणून लेकीशी बोलणं टाकलं.

हे ललिताबाईंनी घरी येऊन सांगितलं त्या संध्याकाळी केरबांनी त्यांना समोर बसवलं आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सही मोडली. पान एक्केचाळिसापासून सगळं सांगितलं. ललिताबाई ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ती चटणी मी भरून दिली होती."

मग त्यांनी केरबांकडं पाहिलं.

"तुम्ही समोर पेपर वाचत होता. मला वाटलं, तुम्हाला कंटाळा आलाय."

"ललिता, मला…"

"मला नका सांगू काही. तिला जाऊन सांगा. मग माझ्याशी बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा एकटेच कागलला गेले. झुंबरबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिनं घोंगडं टाकलं, पाण्याचा तांब्या आणला. केरबांनी मसुदा लिहावा तसं एकेका वाक्यात सांगितलं. कृष्णात त्या बंगल्यासाठी काम करत होता. शहाण्णवच्या डिसेंबरात तो गेला. नदीकाठी सापडला. गोंदणावरून ओळखला. तिथंच दहन झालं.

ती शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "कागद हाय काय ह्याचा?"

"नाही. होता, जाळला."

"मग सरकारच्या कागदाचं काय?"

"तो खोटा आहे. मला ठाऊक आहे, कारण तो मी लिहिलाय."

तिचे हात थांबले. ती त्यांच्याकडं नीट बघत राहिली, जणू पहिल्यांदाच बघत होती.

"म्हणजे मी सिलिगुडीला गेलते तवा तुमास्नी ठावं हुतं."

"हो."

"मी साखर दिलती तुमच्या हातावर."

"हो."

ती रडली नाही आणि ओरडलीही नाही. केरबा त्याची तयारी करून आले होते, दोन्हींची. तिनं फक्त विचारलं, "कुठं जाळलं त्यास्नी? गाव कंचं?"

"ते माहीत नाही. गावाचं नाव खोडलं होतं."

"तेवढं तर बघायचं हुतं, वकीलसाहेब."

ते तेवढं शोधायचं केरबांनी ठरवलं. माहितीच्या अधिकाराचा कायदा नुकताच आला होता. साध्या नागरिकासारखा त्यांनी अर्ज केला : डिसेंबर १९९६, नदीकाठी सापडलेलं प्रेत, दंडावर मराठीत गोंदण, कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत? खात्याकडून उत्तर आलं की ही संस्था त्या कायद्यातून वगळलेली आहे. उत्तर नेमकं होतं, एका वाक्यात एकच गोष्ट. आपल्या हाताखाली तयार झालेल्या वकिलानं ते लिहिलंय, हे केरबांनी पहिल्या ओळीत ओळखलं. मग त्यांनी ईशान्येकडच्या जिल्ह्यांना एकेक करून पत्रं लिहायला घेतली. दोन वर्षांत बासष्ट पत्रं. सतरा उत्तरं आली. दहा वर्षांपूर्वीच्या बेवारस प्रेतांच्या नोंदी कुणी ठेवल्या नव्हत्या. कुठं पुरात गेल्या होत्या, कुठं वाळवीनं खाल्ल्या होत्या.

खात्यानं त्यांच्यावर काही कारवाई केली नाही. त्यांनी गुपित फोडलंय हे कुणाला कळलंच नाही. झुंबरबाईनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही.

उत्तर आलं की केरबा कागलला जात आणि तिला सांगत, याही जिल्ह्यात नाही. ती ऐकून घेई. तिच्या कपाळावर कुंकू कधी दिसे, कधी नसे. त्याबद्दल विचारायचा धीर त्यांना झाला नाही. दोन हजार आठच्या दिवाळीआधी ते असेच गेले होते. प्रीती सुट्टीवर आली होती. मायलेकी आता बोलत होत्या. प्रीतीनं चहा आणून ठेवला आणि दाराशी थांबून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

केरबा निघाले तेव्हा झुंबरबाई त्यांच्याबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत आली.

"वकीलसाहेब, एक सांगू? आता येऊ नका."

"मी फक्त…"

"रागानं न्हाय म्हणत. तुमी दारात दिसला की पोरीला वाटतंय काय तरी कळलं असंल. मग तुमी गेल्यावर दोन दोन दिवस ती जेवत न्हाय." तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. "मला एकटीला सोसतंय. तिला नको."

"बरं," केरबा म्हणाले.

त्यानंतर ते कागलला गेले नाहीत. पत्रं मात्र ते लिहीत राहिले. अजून तेवीस जिल्हे उरले होते. एखादं उत्तर आलं तर ते नेऊन कुणाला द्यायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. ललिताबाई पाकिटांवर पत्ते घालून देत.